जिनिंगमध्ये नोकरी लागली, पण शिकवणारं कोणीच नाही

पऱ्हाटी
१७ नोव्हेंबर २०२५, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका जिनिंग-प्रेसिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढून रुईच्या गाठी बांधणाऱ्या कारखान्यात, मी पंधरा दिवसांपूर्वी रुजू झाले. पदाचं नाव खरेदी सहायक, पगार बारा हजार. माझी कृषी पदविका झाली आहे. घरी चार एकर कोरडवाहू, कापूस आणि तूर. लहानपणापासून कापूस वेचत आले, त्यामुळे हे काम आपलंच आहे असं वाटलं होतं.

पहिल्या दिवशी मॅनेजरसाहेबांनी ऑफिस दाखवलं आणि "बाकी दिवाणजी सांगतील" म्हणून निघून गेले. दिवाणजी म्हणाले, "सीझन सुरू आहे पोरी, पाहून पाहून शिकशील." दुसऱ्या दिवशी सकाळी ओलावा मोजायचं यंत्र हातात दिलं आणि आवारात उभं केलं. समोर चाळीसेक गाड्यांची लाइन. यंत्राला दोन लांब सुया आणि एक बटन. सुया किती आत घालायच्या, किती ठिकाणी, वरचा कापूस धरायचा की मधला, काही म्हणजे काहीच सांगितलं नाही. मी विचारलं तर उत्तर आलं, "घाल आणि आकडा लिही."

त्या दिवशी एका म्हाताऱ्या बाबांची मेटॅडोर होती. मी वरच्या थरात दोनदा सुया खुपसल्या, साडेतेरा आलं, लिहून टाकलं. दिवाणजींनी क्विंटलमागे तीनशे कमी केले. बाबा काही बोलले नाहीत, चिठ्ठी टोपीत खोचली आणि काट्यावर गेले. गाडी रिकामी होताना मी सहज पाहायला गेले. तळाचा कापूस हातात घेतला तर कोरडा, हलका. सरकी दाताखाली धरली तर कट्कन फुटली. तेव्हा लक्षात आलं की गाडी रात्रभर ताडपत्रीशिवाय दवात उभी होती. वरचा वीतभर थर ओला, खाली सगळा वाळलेला. मॅनेजरला सांगितलं तर म्हणाले, "चुकारा निघाला, आता झालं ते झालं."

हे मनातून जात नाही. माझे वडीलही असेच चिठ्ठी खोचून घरी येतात.

आता नवीन गोष्ट. रातपाळीचा सुपरवायझर सोडून गेला, म्हणून सोमवारपासून मी रात्री शेड सांभाळायचं. आत चोवीस डबल रोलर मशीन आहेत. मेन स्विच कुठे आहे तेसुद्धा मला माहीत नाही. आणि आज एक छापील कागद समोर ठेवला: "मला कामाचे व सुरक्षिततेचे प्रशिक्षण देण्यात आले आहे." खाली सही करायची. मी "उद्या करते" म्हणून टाळलं. नेमणूकपत्र अजून हातात नाही.

सही करू का? नोकरी सोडू का? घरात या पगारावर धाकट्याची फी ठरलेली आहे. ज्यांनी जिनात काम केलं आहे त्यांनी कृपा करून सांगा.


वाघाडी
१७ नोव्हेंबर, रात्री १०.०५

ताई, सही करू नका. बाकी काहीही करा, पण ती सही करू नका. मी एका दालमिलमध्ये अशीच सही केली होती. तीन आठवड्यांनी पट्ट्यात हात आला तेव्हा तोच कागद दाखवला: याला शिकवलं होतं, याचीच चूक.


जुना_फिटर
१८ नोव्हेंबर, सकाळी ७.२०

पोरी, ३१ वर्षं जिनात फिटर होतो. आता घरीच राहतो. तुयी पोस्ट नातवानं वाचून दाखवली. मी बोलून राहिलो, तो टाइप करून राहिला.

कापसाचं नंतर, पयले रातपाळीचं. जे मशीन तुले बंद करता येत नाई, त्याच्याजवळ तू एकटी थांबू नोको. शेडमधी पाय टाकला का मेन स्विच कुठी हाये ते पाह्य, अन् फिटर सोबत असताना एक डाव सोताच्या हातानं बंद करून पाह्य. नुसतं बोट दाखवून कोनी सांगतलं तर त्याले मानू नोको. हातानं केलेलंच ऐनवेळी आठवते.

डबल रोलरमधी चामड्याचे दोन रोलर असते अन् सुरी हालत असते. रोलर रुई ओढून घेते, सरकी खाली पडते. मधात काडी नाईतर सुतळी अडकली का मशीनचा आवाज जड होते. ते कानाले कळाले दोन-तीन दिवस लागते. नवं पोट्टं काय करते? आवाज बदलला का हात घालते, अन् मशीन चालूच असते. माह्या डोळ्यापुढं एका पोराची दोन बोटं गेली. त्याचा तिसरा दिवस होता. त्याले कोनीच सांगतलं नव्हतं. मी बाजूच्या लायनीत होतो, म्यापण सांगतलं नव्हतं. मले वाटलं मुकादमानं सांगतलं असन, मुकादमाले वाटलं फिटरनं सांगतलं असन. ते पोरगं कोनाच्याच वाट्याले आलं नाई.

त्याच्यानंतर म्या एक नेम केला. मशीन बंद केली का फ्यूजचा किटकॅट, म्हंजे फ्यूजची तार असलेला तो निघणारा तुकडा, काढायचा अन् आपल्या खिशात टाकायचा. स्विच कोनीबी येऊन चालू करते, लायनीच्या त्या टोकाचा माणूस तुले पाहतही नाई. खिशातला किटकॅट मात्र दुसरा कोनी लावू शकत नाई. काम झालं का सोता जाऊन लावायचा. तुमच्याकडं नव्या पद्धतीचा पॅनल असन तर त्याले कुलूप लावता येते, कुलपाची किल्ली आपल्याजवळ ठेवायची. अन् ओढणी घेऊन शेडमधी जाऊ नोको. केस बांधून, वर रुमाल.

दुसरं, आग. कापसात गोटा नाईतर खिळा आला अन् लोखंडावर घासला का ठिणगी पडते. बेरिंग तापलं तरी तेच. मोटरीवर बसलेली रुईची धूळ रोज झाडली पाह्यजे. जळका वास आला का कापूस ओढणारा पंखा पयले बंद, काहून का तो पाइप ठिणगीले पुऱ्या शेडमधी नेते. गाठीत आग शिरली तर वरून काही दिसत नाई, आतमधी दोन-दोन दिवस धुमसते. संशय आलेली गाठ गोदामात ठेवायची नाई, बाहेर मैदानात एकटी काढून ठेवायची. रेतीच्या बादल्या भरल्या हायेत का रिकाम्या, हे जाऊन सोता पाह्य. बऱ्याच ठिकाणी त्याच्यात खर्ऱ्याच्या पन्न्या भरलेल्या असते.

तुह्या जिनात जो जुना फिटर असन त्याच्याजवळ जाऊन बस. मॅनेजर शिकवणार नाई, त्याले येतही नसन. फिटरले चहा पाज अन् म्हन, काका, मले एक मशीन खोलून दाखवा.


कास्तकार
१८ नोव्हेंबर, दुपारी १.१५

मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूचा माणूस आहे. आर्वीकडे सहा एकर पऱ्हाटी आहे. बाई, तुम्हाला वाईट वाटलं हे वाचून बरं वाटलं, कारण आम्हाला वाटते की आवारातल्या कोणालाच काही वाटत नाही.

तुमच्या त्या साडेतेराचा हिशेब सांगतो. यंदा, म्हणजे २०२५-२६ च्या हंगामात, लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये आहे. तो ८ टक्के ओलाव्याला. पुढच्या प्रत्येक टक्क्याला भावातून एक टक्का, म्हणजे ८१ रुपये १० पैसे कमी. ९ ला ८,०२८.९०, १० ला ७,९४७.८० असं करत १२ पर्यंत. १२ च्या वर गेला तर हमीभाव केंद्रावर गाडीच परत. वीस क्विंटलच्या गाडीवर तुम्ही दोन टक्के चुकून जास्त लिहिले, तर ३,२४४ रुपये गेले. खाजगीत तर त्याला काही धरबंधच नाही, दिवाणजीच्या तोंडचा आकडा. तीनशे म्हणजे तीनशे.

यंदा ऑक्टोबरच्या शेवटी पाऊस आला, बोंडं झाडावर भिजली. त्यामुळे ओलावा खरोखरच असतो, आम्ही नाही म्हणत नाही. काही जण मधल्या थरात पाणीही मारतात, तेही खरं. म्हणूनच मोजणारा माणूस शिकलेला पाहिजे. तो शिकलेला असला की चोराची गाडी पकडली जाते आणि प्रामाणिक माणसाची सुटते.

एक गोष्ट मात्र करा. यंत्राचा आकडा शेतकऱ्याला दाखवून लिहा. तोंड फिरवून लिहू नका. म्हातारा माणूस काही बोलत नाही म्हणजे त्याला कळत नाही असं नसते. गाडीचं भाडं त्याच्या डोक्यावर असते, परत न्यायची सोय नसते.


पऱ्हाटी
१८ नोव्हेंबर, रात्री ९.१०

सगळ्यांचे मनापासून आभार. फिटर काका, तुमची पोस्ट वहीत उतरवून घेतली. आज रेतीच्या बादल्या पाहिल्या. अकरापैकी चार भरलेल्या होत्या, उरलेल्यात कचरा. स्विचचा पॅनल शेडच्या मागच्या भिंतीला आहे आणि त्याच्यासमोर सरकीची पोती रचली आहेत. हात पोहोचत नाही. मॅनेजरला सांगितलं, ते फोनवर होते, हातानेच "नंतर" अशी खूण केली.

कास्तकार दादा, तो हिशेब वाचून रात्री जेवण गेलं नाही.


हिंगणघाटकर
१९ नोव्हेंबर, रात्री ८.३०

मी एका जिनाचा मॅनेजर आहे. तुमच्या मॅनेजरची बाजू घ्यायला आलो नाही, पण हे असं का होतं ते सांगतो.

जिन चालतं दसरा-दिवाळीपासून फार तर एप्रिलपर्यंत. मालकाच्या डोळ्यांसमोर तेवढेच दिवस. शिकवण्यात गेलेला दिवस त्याला बुडालेला दिवस वाटतो. बाहेरून आलेले कामगार पुढच्या वर्षी येतीलच याचा भरवसा नसतो, मग कशाला शिकवा? यंदा कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत माफ आहे. बाहेरची रुई स्वस्त पडते, आमच्या गाठीला गिऱ्हाईक भाव पाडून मागतं. अशा वर्षी मालक सगळ्यात आधी माणसं कमी करतो. तुमचा रातपाळीचा सुपरवायझर का गेला ते विचारा, बहुतेक दोन माणसांचं काम एकावर आलं असेल. आणि मॅनेजरला तरी कोणी शिकवलं? मीही दिवाणजीच्या पाठीमागे उभा राहूनच शिकलो. त्यात त्यांच्या चुकाही शिकलो, त्या सुटायला सात-आठ वर्षं लागली.

पण हे कारण पुरेसं नाही, हे मला एका आगीनंतर कळलं. तेव्हापासून मुहूर्ताच्या तीन दिवस आधी सगळ्यांना बोलावतो. मशीन रिकामी चालवतो, बंद करतो, पुन्हा चालवतो. प्रत्येक जण स्वतःच्या हाताने बंद करून दाखवतो. तीन दिवसांचा पगार देतो. मालकाने पहिल्या वर्षी कटकट केली, आता करत नाही.

ओलाव्याबद्दल. सुयांच्या यंत्रात कापूस किती दाबला आहे यावर आकडा हलतो. सैल कापसात कमी दाखवेल, दाबलेल्यात जास्त. म्हणून दर वेळी सारखाच दाबून धरायचा. वरचा वीतभर थर बाजूला सारा, हात कोपरापर्यंत आत घाला. पुढे, मागे, मध्ये, दोन्ही कडा अशी किमान पाच ठिकाणं घ्या आणि सरासरी काढा. सकाळी दवातली गाडी असेल तर ताडपत्री काढून थोडी उन्हाला उभी राहू द्या. आणि सरकी दाताखाली फोडून पाहायची सवय सोडू नका. ओली सरकी चेपते, वाळलेली फुटते. यंत्र आणि दात यांचं जमत नसेल तर पुन्हा मोजा.

ताळाही शिकून घ्या. क्विंटलभर कापसातून साधारण ३३ ते ३५ किलो रुई निघते, गाठ १७० किलोची, म्हणजे एका गाठीला पाच क्विंटलच्या आसपास कापूस लागतो. रोज खरेदी, गाठी आणि सरकी यांचा मेळ घाला. खरेदीला कापूस ओला असेल तर घट दिसते. तुम्ही उगाच ओला लिहिला असेल तर घट दिसत नाही. तुमच्या चुका तुम्हाला महिनाभरात त्या वहीतच सापडतील, कोणी सांगायची गरज नाही.

नागपूरला अमरावती रोडवर वाडीजवळ सिरकॉटचं जिनिंग प्रशिक्षण केंद्र आहे. केंद्र सरकारच्या कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेचं, जिचं मुख्यालय मुंबईत माटुंग्याला आहे. जिनातल्या माणसांना तिथे शिकवतात. सीझन संपला की मालकाला अर्ज द्या, मला पाठवा म्हणून. नाही पाठवलं तर स्वतः चौकशी करा. हे काम खरोखर शिकलेली माणसं या भागात फार थोडी आहेत.


मारेगाव
२० नोव्हेंबर, सकाळी ११.००

मी उपकेंद्रात नर्स आहे. नाकातोंडाला ओला न केलेला सुती रुमाल दोन पदरी बांधा, मिळाला तर चांगला मास्क. जिनातल्या बाया माझ्याकडे येतात, साप्ताहिक सुट्टीनंतर पहिल्याच दिवशी छाती आवळल्यासारखी होते म्हणतात. ते कापसाच्या धुळीमुळे होतं, सर्दी नसते. असं झालं तर अंगावर काढू नका.


दर्यापूरकर
२४ नोव्हेंबर, रात्री १०.२०

उशिरा पाहिलं. कामगारांच्या केसेस पाहतो, म्हणून दोन गोष्टी.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही कामगार संहिता देशभर लागू झाल्या आहेत. नेमणूकपत्र आता प्रत्येक कामगाराला द्यावंच लागतं. लेखी मागा. त्यात पद, पगार आणि कामाचं स्वरूप येऊ द्या. "खरेदी सहायक" लिहिलं असेल तर रात्री शेड सांभाळायला का लावता, हे विचारायला तुमच्याजवळ कागद राहील. रातपाळीला बाईमाणसाची संमती लागते आणि सुरक्षिततेची सोय मालकाने करायची असते, हेही ध्यानात ठेवा.

दुसरी गोष्ट जिनातल्या बहुतेकांना माहीत नसते. ईएसआयमध्ये, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेत, हंगामी कारखाने वगळले आहेत, आणि फक्त जिनिंग-प्रेसिंग करणारा कारखाना त्या व्याख्येत बसतो. म्हणजे उद्या हात गेला तर ईएसआयचा दवाखाना नाही, पेन्शन नाही. मालकाकडून नुकसानभरपाईचा हक्क आहे, तो १९२३ च्या कायद्यापासून आहे आणि आता सामाजिक सुरक्षा संहितेत आला आहे. पण तिथे भांडावं लागतं. आणि भांडताना पहिला कागद पुढे येतो तो तुम्ही वर लिहिलेला: प्रशिक्षण देण्यात आले आहे. वाघाडी यांनी सांगितलं ते शंभर टक्के खरं.


पऱ्हाटी
२ डिसेंबर, रात्री ९.५०

उशीर झाला, माफ करा. काय काय झालं ते सांगते.

त्या कागदावर सही केली नाही. खाली पेनाने लिहिलं, "मला प्रशिक्षण मिळालेले नाही. मिळाल्यावर सही करीन." तारीख टाकली, मोबाइलवर फोटो काढला आणि कागद परत दिला. मॅनेजर दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी स्वतःच आमच्या जिनातल्या फिटरकाकांना बोलावलं आणि म्हणाले, "हिला दाखवून द्या."

फिटरकाकांनी जेवणाच्या सुट्टीत एक मशीन खोललं. मी रोलरवरून हात फिरवला, चामडं खरखरीत, त्याला चरे पाडलेले. सुरी बोटाएवढ्या अंतरावर. तेव्हा कळलं की आपण पंधरा दिवस कशाच्या शेजारून चालत होतो. मग मशीन जोडलं, चालू केलं, आणि मला बंद करायला लावलं. सहा वेळा. मी इथल्या किटकॅटची गोष्ट सांगितली, तर त्यांनी आपल्या शर्टाचा खिसा उघडून दाखवला. आत होता.

सरकीची पोती पॅनलसमोरून हलवली. त्यासाठी मात्र चार वेळा सांगावं लागलं, शेवटी मी आणि कचरा वेचणाऱ्या दोन बाया, आम्हीच ओढली. रातपाळीला मी एकटी थांबणार नाही असं लेखी दिलं. आता तिथे दुसरे एक जण आहेत आणि मी दिवसाच असते. नेमणूकपत्र मागून आठ दिवस झाले, अजून नाही. परवा पुन्हा अर्ज देणार आहे.

काल ते बाबा परत आले, दुसऱ्या वेचणीचा कापूस घेऊन. मी ताडपत्री काढायला सांगितली आणि गाडी अर्धा तास उन्हात उभी ठेवली. वरचा थर सारला, हात कोपरापर्यंत घातला. नऊ, साडेनऊ, साडेआठ, दहा, नऊ. प्रत्येक आकडा त्यांना दाखवला. सरासरी सव्वानऊच्या आत. ते म्हणाले, "मागच्या डावीपण असाच होता वो बाई." मी म्हटलं, बाबा, मागच्या वेळी चूक माझी होती, मला मोजता येत नव्हतं. ते थोडा वेळ माझ्याकडे पाहत राहिले आणि मग म्हणाले, "कोनाची पोरगी तू?" मी गावाचं नाव सांगितलं. त्यांनी टोपी काढून त्यातली जुनी चिठ्ठी माझ्या हातात दिली. घडीवर फाटत आली आहे, माझ्याच अक्षरात साडेतेरा.

ती चिठ्ठी घेऊन मी मालकाकडे गेले होते, फरक द्या म्हणून. "पाहू" म्हणाले. चिठ्ठी माझ्या वहीत ठेवली आहे. शनिवारी ते पुन्हा आवारात येतात, तेव्हा परत विचारणार आहे.

हिंगणघाटकर, एक विचारायचं आहे. आमच्याकडे ओलाव्याची दोन यंत्रं आहेत, आणि एकाच कापसात एक नऊ दाखवतं, दुसरं साडेदहा. वजनकाट्याला दरवर्षी शिक्का मारून मिळतो, तसं हे यंत्र कुठे तपासून मिळतं? वाडीच्या केंद्रात होईल का? सांगितलंत तर मी रविवारी दोन्ही यंत्रं घेऊन नागपूरच्या एसटीत बसायला तयार आहे, फक्त रविवारी ते उघडं असतं का तेवढं कळवा.